हिरव्या बांगड्यांचा फोटो

मुलुंडच्या कारखान्यात स्फोट होऊन माझा सहदेव गेला. दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीत परदेशी फोटोवाला उगवला. सुनेच्या, मालनच्या बांगड्या बायकांनी आदल्या संध्याकाळीच फोडल्या होत्या. तो फोटो हुकला, म्हणून हा शहाणा कासाराकडून नव्या हिरव्या बांगड्या घेऊन आलेला. त्याचा दुभाषा म्हणाला, “मावशी, सूनबाईंनी ह्या घालून पुन्हा फोडल्या तर तुमचं दुःख जगाला कळेल.” “मग जगासाठी माझ्या पोरालाही पुन्हा मारतोस का रे?” मी विचारलं. बिचाऱ्या मालनने मुकाट हात पुढे केला. मीच तिला बांगड्या भरल्या. शेजारणी दचकल्या, साहेबाने खुशीत कॅमेरा डोळ्याला लावला. “सांग त्याला, ह्या फुटायच्या नाहीत. माझी सून घालून राहील. काढ म्हणावं फोटो.” दुभाष्याने सांगितलं. साहेबाने कॅमेरा पिशवीत घातला. असल्या फोटोला तिकडे गिऱ्हाईक नसावं.