एक ठोका मागे

"आजोबा, ही तुमची कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"टेलर," बाबा म्हणाले.

भावाला हसू आवरलं नाही. "घे, ताई. तुला तर धड बटण लावता येत नाही."

ती हसली नाही. बाबांची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती, ती तिने सरळ केली. हयातभर लोकांच्या कॉलरी बसवल्या, आणि आता स्वतःची कळत नव्हती. झटका येऊन गेल्यापासून हे असंच चाललं होतं. आज निकाल लागायचा होता. विचारलेलं यांना समजतं असं डॉक्टर म्हणाल्या, तर कुठे राहायचं ते बाबा ठरवणार. समजत नाही म्हणाल्या, तर भाऊ ठरवणार. त्याने ते ठरवूनही टाकलं होतं. शहराबाहेर एक संस्था होती. स्वच्छ, हवेशीर. फक्त खोल्यांना कड्या बाहेरून होत्या.

"बाहेर ऊन आहे की पाऊस?"

"मुलगी."

"बरं. कात्रीने काय करतात?"

"ऊन."

डॉक्टरांनी हातातलं पेन—

ते पेन जरा हवेतच राहू दे. त्याआधी तिच्या कामाचं सांगायला हवं. ती मेमरी चिप बनवणाऱ्या कंपनीत होती आणि तिचं काम ठोक्यांचं. चिपमध्ये सगळं क्लॉकच्या ठोक्यावर चालतं. एका ठोक्याला मागणी आत जाते. आतून माहिती निघते खरी, पण वाट तुडवत यायला तिला वेळ लागतो. घेणारा भलत्याच ठोक्याला हात पुढे करतो, हाती भलतंच लागतं आणि चांगली शहाणी चिप खुळ्यात निघते. नवशिके हा उशीर काढून टाकायला बघतात. तो निघत नाही. जाणते उलटं करतात. त्या उशिरात ते आणखी थोडा उशीर मुद्दाम घालतात, इतका की उत्तर नेमकं पुढच्या ठोक्यावर येऊन पडावं.

लॅबमध्ये पंख्यांची घरघर असे, त्यामुळे कुणी कुणाशी बोलत नसे. घरी दोन खुर्च्या होत्या, दुसरीवर कपडे. रेडिओ लावलेला असायचा, ऐकायला नव्हे, नुसता असायला. झटक्यानंतरही रविवारी बाबांना फोन असायचा. कसे आहात? मग, जेवलात का? "बरा आहे." औषध घेतलं? "हो, मघाशीच जेवलो." असल्या प्रश्नांना कुठलंही उत्तर कुठेही खपून जातं. तिला वाटायचं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही.

—खाली ठेवलं. अगदी हळुवार ठेवलं, आणि तेच वाईट होतं.

टेलर. मुलगी. ऊन.

तिने मनातल्या मनात तिन्ही उत्तरं एकेक घर मागे सरकवली. 'ही कोण'च्याही आधी डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, तुम्ही काम काय करायचात? त्याला बाबा गप्प राहिले होते.

"डॉक्टर, थांबा. कात्रीचं उत्तर राहिलंय."

"राहिलंय म्हणजे?"

"आत आहे." ती बाबांसमोर जाऊन बसली. "बाबा, खिडकी कुठल्या हाताला आहे?"

"कापड कापतात," बाबा म्हणाले. चिडून म्हणाले. टेलरला कात्री विचारता!

भाऊ म्हणाला, "म्हणजे हे वरातीमागून घोडं!"

"घोडं येतंय ना? मग आपण वरात थांबवायची."

"मी इतके दिवस त्यांच्यावर ओरडत होतो गं," भाऊ म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पण नुसतं थांबून भागत नव्हतं. तेही करून पाहिलं. बाबा ओठ हलवत, उत्तर ओठाशी येई आणि तिथेच अडकून बसे. पुढच्या प्रश्नाने मागून ढकललं तरच ते बाहेर पडे. म्हणजे खऱ्या प्रश्नामागे एक रिकामा प्रश्न लावायला हवा होता. मुद्दाम घातलेला उशीर.

"बाबा, नीट ऐका. तुम्हाला कुठे राहायचंय? संस्थेत, की माझ्याकडे?"

"डाव्या." ती खिडकी.

आता रिकामा प्रश्न. कुठलाही चालला असता, पण ऐन वेळी तिला एकही सुचेना.

"आणि... का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझ्याकडे."

डॉक्टरांनी पेन उचललं. मग सगळे एकदमच बोलायला लागले. भावाने नाक शिंकरलं, खुर्च्या करकरल्या, कुणीतरी बाबांची काठी शोधू लागलं. त्या 'का'चं उत्तर हवंच कुणाला होतं?

गाडीत कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं असं काही उरलं नव्हतं. भाऊ त्यांना सोडून, बाबांच्या पायांना हात लावून निघून गेला. तिने दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि बाबांना बसवलं. मनात तिला बरं वाटत होतं. एकट्या पडलेल्या माणसाला आपण वेळेवर हात दिला.

बाबा खोली बघत होते. फळीवरचा एक कप. एक ताट. कोपऱ्यात आपल्याशीच बडबडणारा रेडिओ.

"पाणी देऊ, बाबा?" तिने विचारलं.

"तुला बोलायला कुणी नाही, म्हणून."