कुंडीतलं डाळिंब

खिडकीच्या काचेवर चोचीची टकटक झाली आणि दुपारची शांतता मोडली. शिंजीर आला होता. फुलांतला मध आटवून ती गोडी फळात उतरवायला शास्त्रज्ञ शिकले, तेव्हापासून गावात मधाचं झाड म्हणून एकच डाळिंब उरलं होतं, केतकीच्या खिडकीबाहेरच्या कुंडीत.

"उपटा ते, ताई. हा पक्षी त्याचा पराग नेतो आणि आमच्या बागांतल्या फळांची गोडी बिघडते," दारात उभा असलेला फळबागांचा तपासनीस म्हणाला.

"दारी आलेल्याला उपाशी धाडायची नाही मी. आधी मला उपटा!"

"उद्या पोलीस आणतो."

"आणा की. त्यांनाही चहा टाकते."

तो पाय आपटत गेला. फुलात चोच खुपसलेल्या शिंजिराकडे बघत कडेवरच्या लेकीने विचारलं, "आई, इथं यायच्या आधी हा किती रिकामी फुलं बघून आला असेल गं?"