बघण्यापुरतं

पासवर्ड घालून तिने कंटेनर, म्हणजे वेबपान चालवणारा सॉफ्टवेअरचा डबा, पुन्हा सुरू केला, तर पान पहिल्यासारखंच सताड उघडं. प्रयोगशाळेतला कुठला सर्व्हर चालू आहे, कुठला फ्रीज पुरेसा थंड आहे, ते सगळं या एका पानावर दिसायचं. चालू ते हिरवा ठिपका, बिघडलं ते लाल. आणि पत्ता माहीत असलेल्या कोणालाही ते दिसायचं. पासवर्ड तिने कंटेनरच्या आतच ठेवला होता. नव्याने उठताना कंटेनर सगळं विसरून उठला. सेटिंगची फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवली, तेव्हा कुठे पान नाव-पासवर्ड विचारू लागलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं तेवढ्याने समाधान होईना. बाहेरचं कोणीतरी हे पान रोज उघडतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पान उभारलं तिने, उघडं टाकलं तिने. आता हा चोरून बघणारा कोण, ते शोधायचंही तिनेच. तिची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

तेवढ्यात आईचा फोन. कामाच्या वेळी आई कधी फोन करत नसे.

"अगं, तुझं ते ठिपक्यांचं पान आज मला आत घेईना."

नोकरी लागल्या लागल्या कौतुकाने आईला पत्ता पाठवला होता, तो आत्ता आठवला. आईने आपला शिरस्ता सांगितला: सगळे ठिपके हिरवे असले की फोन करायचा; एक जरी लाल असला, तर पोरीला छळायचं नाही. तीन नंबरचा फ्रीज फार नाठाळ आहे, असंही तिचं मत पडलं.

तिने चाचरत सरांना सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, तीन नंबरबद्दल आईंचं अगदी बरोबर आहे. त्यांना वेगळं खातं दे. मात्र बघण्यापुरतं.

खातं उघडल्यावर, सरांना विचारूनच, तिने यादीच्या तळाशी एक ओळ वाढवली: आईच्या घरचा राउटर.

संध्याकाळी आई आपली आपणच पासवर्ड टाकून पानावर आली आणि तिने फोन लावला. "हे खाली नवीन कोण गं?"

"तू. घरचं नेट चालू असेल तोवर हिरवी."

आईने तो ठिपका हिरवाच आहे ना, ते पुन्हा एकदा पाहून घेतलं.

"दुपारी मी ते बंद करून झोपते," ती मग म्हणाली. "लाल दिसले, तर कामधाम टाकून धावत येऊ नकोस."