चिमूटभर हिंग

जिना चढतानाच शर्वाणीला वास आला. तिने धावत जाऊन स्वयंपाकघरातलं औषधयंत्र पाहिलं. लाल दिवा लागला होता.

"बाबा, तुम्ही फोडणीत हिंग घातलात?"

"चिमूटभर. खालच्या सबनीसांकडून आणला. त्यांच्या घरी यंत्र नाही, सुखाने जेवतात लेकाचे."

"कितीदा सांगितलं तुम्हाला! आत पॅलेडियमची पट्टी आहे. औषधाच्या कच्च्या मालातलं बेंझिनचं वलय एरवी कशालाच दाद देत नाही. पॅलेडियमने धरलं तरच त्याला हवे ते अणू जोडता येतात आणि तुमची कंपाची रोजची ताजी गोळी तयार होते. हिंगातलं गंधक हवेतून आत गेलं, की पॅलेडियम त्यालाच चिकटून बसतं. मेली ती पट्टी! नवी उद्या दुपारी येईल. तोवर गोळी नाही."

"चार वर्षं बिनहिंगाची आमटी खातोय मी. सकाळी गोळीमुळे हात स्थिर होता. म्हटलं, त्याचा काही उपयोग करावा."

शर्वाणीने खिडक्या सताड उघडल्या.

रात्री जेवायच्या वेळेपर्यंत बाबांचे दोन्ही हात थरथरू लागले. चमचा तोंडापर्यंत जाईना. आमटीभात सदऱ्यावर सांडला. शर्वाणीने कपाळाला हात लावला, खुर्ची ओढली आणि त्यांना भरवायला बसली.

बाबांनी डोळे मिटून सावकाश घास गिळला.

"हिंग जरा कमीच पडला," ते म्हणाले.