एक जून

टेस्ट ट्यूब बाळाच्या प्रयत्नात तीनदा अपयश आल्यावर दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्यायला सुभेदार गोपीनाथ कसेबसे तयार झाले. गर्भ तयार झाला आणि त्यांच्या नोकरीच्या हिंदी मुलखातल्या शहरात, बनी पार्क भागातल्या दवाखान्यात गोठवून ठेवला गेला. मे महिन्याच्या अखेरीस तो त्यांच्या बायकोच्या, गिरिजाच्या गर्भाशयात सोडायचा होता, पण नेमका तिला ताप भरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवड्याने या.

पाच जूनला ती गेली, तेव्हा काउंटरवरची मुलगी आधार कार्ड बघून थबकली. "मॅडम, एक जून को आप पचास की हो गईं. अब कानून में मना है."

"ती तारीख शाळेत लावलेली आहे, माझा जन्म दिवाळीतला," हे गिरिजा मोडक्या हिंदीत सांगत राहिली. शेवटी तिने हात जोडले. डॉक्टरीणबाईंनाही वाईट वाटलं. जन्माचा कुठलाही जुना पुरावा आणा, मी लगेच करते, असं त्या म्हणाल्या.

तिने बाहेर येऊन गावी वडिलांना फोन लावला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आप्पा, माझ्या जन्माची नोंद कुठं असेल? दाखला, टिपण, काहीही चालेल."

"नोंद कुठली, बाळ? घरीच झालीस तू." आप्पा कौतुकाने हसले. "शाळेत जायचं म्हणून रडायचीस, आणि वय तर पाच महिन्यांनी कमी पडत होतं. मग मीच मास्तरांना एक जून सांगितली.


म्हटलं, पोरीचं एक वर्ष वाया जायला नको."