टिचकी

साहेबांनी पंपाला टिचकी मारली आणि ते पडद्याकडे बघत बसले.

टिचकी हा त्यांचाच शब्द. शहराला पाणी पुरवणारे पंप इथून, संगणकावरून चालत. उद्या कुणी चोर आत शिरला, तर तो कालचेच आकडे आज दाखवत राहणार. टाकी रिकामी होत जाणार आणि पडदा म्हणणार, सगळं आलबेल. म्हणून साहेब अधूनमधून, कुणाला न सांगता, पंपाचा वेग किंचित वाढवत. दाबाचा आकडा हलला तर तो खरा. नाही हलला, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आज आकडा हलला. साहेबांनी डबा उघडला.

तेवढ्यात फोन थरथरला. आईच्या आवाजातला रोजचा निरोप. वडील गेल्यापासून ती दूरच्या घरी एकटीच होती, सोबतीला दिवसभराची बाई. साहेबांनी सवयीने अंगठा पाठवला. ऐकायचं काय त्यात? सगळं ठीक आहे, जेवण झालं, काळजी करू नकोस. तरी तो यायचा म्हणून बरं होतं. साहेबांची चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण नजर कामाला सरावलेली. निरोपाखालची आवाजाची रेघ कालच्यासारखीच दिसली. परवाच्यासारखीही. त्यांनी जुने निरोप एकाखाली एक लावून पाहिले. चढउतार सगळे तेच.

आई पडली असेल. किंवा त्याहून वाईट काही, आणि ती बाई लपवत असेल.

सरळ फोन करायचा सोडून साहेबांनी इथेही टिचकी मारली. लिहिलं, 'आई, मी नोकरी सोडली.'

हे वाचून आईने घर डोक्यावर घेतलं असतं. थोड्या वेळाने उत्तर आलं. तीच रेघ.

"काय झालं? चेहरा उतरलाय तुमचा," पलीकडच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या.

"आकडा हलला नाही," साहेब म्हणाले.

त्यांनी फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. इतकं एकटं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

"बोल रे," आई म्हणाली.

"बरी आहेस ना? मी लिहिलेलं वाचलं नाहीस?"

"लिहिलेलं दिसतंय कुठे मला. चष्मा बदलायचाय."

"मग रोज तोच निरोप कोण पाठवतं?"

"मीच. जुना आहे तो. तुझं काही आलं, फोन वाजला, की तोच पुन्हा पाठवते."

"अगं, जीव अर्धा झाला माझा. सगळ्या निरोपांची रेघ सारखीच बघितली आणि..."

"बघितली?" आई म्हणाली. "ऐकला नाहीस होय. मागे तुझे बाबा खोकतायत रे त्यात. मला वाटायचं, आपण दोघंही रोज ऐकतोय."