न्हावण

टबाचा काठ विनोदिनीबाईंच्या मांडीला लागत होता. त्यांनी निऱ्या एका हातात धरल्या, पाय उचलून पाहिला आणि परत खाली ठेवला.

"इतका उंच? तुझ्या बाबायले काय घोड्यावर बसवून राहिलो आपण?"

"डिझाइन ही ऐसा है, आई. पुराने टाइम का लुक." अनिमेष मोबाइलवर बाथरूमची मापं बघत होता. रायपुरात जन्मलेल्या त्याला आईचं सगळं मराठी कळायचं. उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

टब तांब्याचा होता. चार पायांवर उभा, प्रत्येक पायाला सिंहाचा पंजा. सून क्षमा भिंतीवरचे पितळी नळ पाहत होती. मोराच्या मुठीचा एक नळ तिच्या मनात भरला होता.

"आई, पाहा न, तुमच्या समईवानी आहे. सगळं जुन्या पद्धतीचं करून राहिलो. तांबं, पितळ, खाली काळा दगड. तुमच्याच आवडीचं."

"माह्या आवडीचं राहू दे, बाई. त्यायच्या पायाचं पाह्य."

दिवाकरराव घरी खाटेवर होते. अर्धं अंग गेल्यापासून त्यांना ओल्या फडक्याने पुसून काढत. पुसून झालं की ते चालता हात डोक्यापर्यंत नेत आणि तांब्या ओतावा तसा उलटा करत. वरून. विनोदिनीबाई रोज म्हणत, "हो, घालते, वरून घालते." म्हणूनच आज एकादशीचं फराळाचंही तसंच ठेवून त्या मुला-सुनेबरोबर शोरूममध्ये आल्या होत्या. जुनी मोरी तोडून नवी करायचीच आहे, तर तीत असा टब बसावा की दोघांनी धरून यजमानांना आत उतरवता येईल. त्यांचं दुसरं काही मागणं नव्हतं.

कोपऱ्यात एक पांढरा टब होता. बुटका, आत बसायला पायरी, धरायला दोन्हीकडे दांडे. विनोदिनीबाईंनी दांडा ओढून पाहिला. घट्ट होता.

"हा घ्या."

"हा?" क्षमाने नाक मुरडलं. "दवाखान्यासारखा दिसते, आई. पाहुणे आले तर काय म्हणतीन?"

"पाहुणे काय आपल्या घरी न्हायले येतेत?"

क्षमाला हसू आलं. अनिमेषने वर पाहिलं नाही. तेवढ्यात सेल्समन आला आणि हात जोडून म्हणाला, "माँजी, अच्छी पसंद है. पर ये मँगवाना पडेगा. दो महीना पकड के चलिए."

"दो महीना?" विनोदिनीबाई घाबऱ्या झाल्या. "नहीं भैया, जल्दी चाहिए. न्हावण के लिए चाहिए."

इतकी वर्षं रायपुरात काढूनही घाईत तोंडात घरचाच शब्द आला. त्यांच्या बोलण्यात न्हावण म्हणजे आंघोळ, देवाची असो की माणसाची. सेल्समन इथला, छत्तीसगडी. त्याला तो शब्द एकाच अर्थी ठाऊक होता: घरचं माणूस गेल्यावर दहाव्याला सगळ्यांनी तलावावर जाऊन करायची आंघोळ.

त्याचा आवाज उतरला. "माफ करना, माँजी. हमको मालूम नहीं था." मग तो अनिमेषकडे वळला. "नहावन कब है, भैया? घर में मेहमान आएँगे, उसके पहले कुछ जुगाड कर देते हैं."

अनिमेष इथल्याच पाऱ्यात, मोहल्ल्यात वाढलेला. शब्द त्याला बरोबर कळला. मोबाइलवर बोट फिरवत, मान न उचलता तो म्हणाला, "नहावन में अभी टाइम है. काम तो उसके बाद ही चालू करना है."

"अहो," क्षमा हळूच म्हणाली.

तेव्हा त्याने वर पाहिलं. सेल्समन एकदा आईकडे, एकदा मुलाकडे बघत होता.

"आई, वो मतलब नहीं था मेरा," अनिमेष म्हणाला. "तोडफोड होगी, धूल उडेगी. बाबा को कितनी तकलीफ होगी, सोचो ना. और डॉक्टर तो तुम्हारे सामने ही बोले थे कि..." पुढचं त्याने गिळलं.

विनोदिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या रागावल्याही नाहीत. जित्या माणसाचं असं अभद्र कानावर पडलं की पाण्यात बोटं बुडवून ती डोळ्यांना लावायची, ही त्यांच्या माहेरची रीत. त्या नळांच्या भिंतीपाशी गेल्या. पहिल्या नळाखाली एक हात धरला आणि दुसऱ्याने मूठ फिरवली. काही आलं नाही. त्यांनी शेजारचा फिरवला. मग त्याच्या पुढचा. मग क्षमाने निवडलेला मोराचा.

"आई, क्या कर रही हो? लोग देख रहे हैं."

"माँजी," सेल्समन मागोमाग आला, "इनमें पानी नहीं आता. ये सब दिखाने के हैं."

"एखाद्यात तं असन, भैया," त्या म्हणाल्या आणि पुढच्या नळाला हात घातला. भिंत लांब होती. त्या एकेक नळ उघडत चालल्या होत्या आणि त्यांच्या मागून तो मुकाट्याने एकेक बंद करत होता.